परतीचे विमान आणि बंगळुराची उत्तर वाट

नोकरीच्या निमित्ताने बंगळुरास स्थायिक झालेल्या मुलाकडे अथवा लेकीकडे काही आठवडे राहून पुण्या-मुंबईस, नागपुरास किंवा गोव्यास परतणाऱ्या मराठी माणसाच्या वाट्याला बहुधा एक संपूर्ण रिकामा दिवस येतो, आणि तो म्हणजे खुद्द परतीच्या प्रवासाचा दिवस. विमान रात्री साडेआठ-नऊचे असते, सामानाची बांधाबांध आदल्या रात्रीच उरकलेली असते, घरातील कर्ती माणसे आपापल्या कचेऱ्यांत गेलेली असतात. आणि अशा स्थितीत तासातासाला घड्याळाकडे पाहत, दुपारचे तीन वाजण्यापूर्वीच ‘आता निघायला हवे’ या चिंतेने व्याकूळ होऊन दिवाणखान्यात बसून राहण्याचा प्रघात आपल्याकडे पडून गेला आहे. या दिवसाची थोडी आधी तजवीज केली, तर हाच दिवस साऱ्या मुक्कामातील सर्वांत संपन्न दिवस ठरू शकतो, असे माझे अनुभवान्ती बनलेले मत आहे.

त्यासाठी एकच गोष्ट प्रथम मनाशी पक्की करावी लागते. परतीच्या दिवशी सहलीचे स्थळ त्याच्या कीर्तीवरून निवडू नये. विमानतळ शहराच्या ज्या दिशेस असेल त्या दिशेचेच निवडावे. बंगळुराचा विमानतळ पूर्वी शहराच्या पूर्वभागी, वस्तीला लागूनच होता. २००८ साली तो उत्तरेस देवनहळ्ळीजवळ नेण्यात आला, आणि शहराच्या मध्यापासून त्याचे अंतर पस्तीस-चाळीस किलोमीटर झाले. जयनगर, बनशंकरी किंवा इलेक्ट्रॉनिक सिटी या दक्षिण भागांत राहणाऱ्यास संध्याकाळच्या रहदारीत हे अंतर कापण्यास दोन तासही अपुरे पडू शकतात, कारण उत्तरेकडे जाणारी बहुतेक सारी वाहतूक हेब्बाळच्या उड्डाणपुलापाशी एकवटते आणि तेथे ती किती वेळ खोळंबेल हे कोणासही सांगता येत नाही. हेच हेब्बाळ सकाळी सात वाजण्यापूर्वी ओलांडून, सामानसुमानासह शहराचा निरोप घेऊन, दिवसभर विमानतळाच्या पलीकडच्या मुलुखात हिंडले आणि सायंकाळी उत्तरेकडूनच विमानतळावर उतरले, तर ज्या रहदारीची साऱ्यांना धास्ती असते ती आपल्या वाटेत येतच नाही. दिवसाचा शेवटचा टप्पा हा सर्वांत निर्धोक असावा, एवढ्या एका विचारावर साऱ्या दिवसाची मांडणी उभी करावी.

हा नियम पाळावयाचा म्हणजे काही मोह आवरावे लागतात, आणि ते मोह लहान नाहीत. म्हैसूर नैर्ऋत्येस सुमारे १४५ किलोमीटरवर आहे, आणि नवा द्रुतगती मार्ग झाल्यापासून ते फार जवळ आले आहे असे जो तो सांगतो. श्रवणबेळगोळ साधारण तितक्याच अंतरावर पश्चिमेस आहे, आणि गोमटेश्वराच्या चरणांपाशी मराठीतील अतिप्राचीन शिलालेखांपैकी एक कोरलेला असल्यामुळे त्या स्थळाची ओढ मराठी माणसास विशेष वाटावी, यात नवल नाही. बेलूर आणि हळेबीड येथील होयसळ शिल्पांविषयी तर बोलावयासच नको. परंतु या सर्व ठिकाणांहून परतताना ऐन सायंकाळी बंगळूर शहर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओलांडावे किंवा त्यास लांबचा वळसा घालावा लागतो, आणि दगडाचे देवत्व ज्यांच्यापुढे उभे राहून शांतपणे अनुभवावयाचे, त्या शिल्पांपुढे मनगटावरील घड्याळ पाहण्यात वेळ जातो. या स्थळांसाठी मुक्कामाच्या मध्यावरचा एखादा शनिवार राखून ठेवावा, आणि परतीचा दिवस उत्तरेस द्यावा.

उत्तरेचा हा मुलूख आपल्याला परका नाही. विजापूरकरांचा सरदार रणदुल्लाखान आणि शहाजीराजे यांनी १६३८ साली बंगळूर जिंकले, आणि पुढे बंगळुरासह कोलार, होसकोटे, दोड्डबळ्ळापूर व शिरे हा प्रदेश शहाजीराजांच्या जहागिरीत आला. जयराम पिंड्ये या कवीने ‘राधामाधवविलासचंपू’मध्ये शहाजीराजांच्या ज्या दरबाराचे वर्णन केले आहे, तो दरबार याच भूमीवर भरत असे. बल्लारी मार्गाने निघून तांबड्या मातीची शेते, द्राक्षांचे मांडव आणि क्षितिजावर उघड्या पडलेल्या प्रचंड शिळांच्या टेकड्या पाहत जाताना ही गोष्ट ध्यानात असली, म्हणजे नकाशावरची नावे आपोआप परिचयाची होतात.

या दिशेचे सर्वांत दूरचे आणि सर्वांत मोलाचे स्थळ म्हणजे लेपाक्षी. बंगळुरापासून सुमारे १२० किलोमीटर, आणि परतीच्या हिशेबात महत्त्वाचे म्हणजे विमानतळापासून सुमारे नव्वद. राष्ट्रीय महामार्ग ४४ वरून चिक्कबळ्ळापूर व बागेपल्ली मागे टाकून आंध्रच्या सरहद्दीत शिरले, की कोडिकोंडा नाक्यापाशी डावीकडे फुटणारा रस्ता धरावा. तेथून गाव पंधरा किलोमीटरच्या आसपास आहे. सकाळी साडेसहाला निघून वाटेत न्याहारी उरकली, तरी साडेनऊच्या सुमारास तेथे पोहोचता येते.

गावाच्या वेशीपाशी प्रथम भेटतो तो नंदी. एकाच अखंड शिळेतून घडविलेला, सुमारे १५ फूट उंच आणि २७ फूट लांब असा हा नंदी मान किंचित उंचावून मंदिराच्या दिशेने पाहत बसला आहे. त्याच्या गळ्यातील घंटांची माळ, पाठीवरील झुलीचे काठ आणि मानेवर पडलेल्या कातड्याच्या वळ्या इतक्या जिवंत आहेत, की पाथरवटाने आधी एखाद्या खऱ्या बैलाच्या सान्निध्यात दीर्घकाळ घालविला असला पाहिजे अशी खात्री पटते. येथे पाच-दहा मिनिटे थांबून मग मंदिराकडे जावे. परतताना ऊन चढलेले असते आणि नंदीभोवती छायाचित्रे काढणाऱ्यांची दाटी झालेली असते.

कूर्मशैल नावाच्या बुटक्या खडकाळ टेकडीवर वसलेले वीरभद्राचे हे मंदिर सोळाव्या शतकात, विजयनगरच्या अच्युतदेवरायाच्या कारकिर्दीत, पेनुकोंड्याच्या कारभाराशी संबंध असलेला विरूपण्णा आणि त्याचा बंधू वीरण्णा यांनी उभारले. येणाऱ्यांपैकी बहुतेक जण धावत जातात ते ‘लोंबत्या खांबा’कडे, आणि त्याच्या तळाखालून उपरणे अथवा रुमाल ओढून काढण्यासाठी रांग लावतात. कुतूहल स्वाभाविक आहे. परंतु वेळ मोजका असेल तर त्या रांगेत तो खर्चू नये, त्याच खांबापाशी उभे राहून मान वर करावी. छतावर विजयनगरकालीन भित्तिचित्रे आहेत, आणि भारतात त्या काळच्या चित्रकलेचे इतके विपुल अवशेष फार थोड्या ठिकाणी उरले आहेत. किरातार्जुनाची कथा, द्रौपदीचे स्वयंवर, शिवपार्वतीचा विवाह, आणि या साऱ्यांवर छाया धरल्यासारखी वीरभद्राची भव्य आकृती. बाहेरच्या लख्ख उन्हातून मंडपात शिरल्यावर पहिली काही मिनिटे वर केवळ काळपट डाग दिसतात. तेवढ्यावर समाधान मानून लोक पुढे सरकतात, आणि जे पाहावयास इतक्या दूर आले ते न पाहताच परततात. डोळे सरावू द्यावेत. मग हळूहळू गेरूचा तांबडा, हिरवा, काळा असे रंग वेगळे होतात, आणि एका रांगेत उभ्या असलेल्या स्त्रियांच्या वस्त्रांवरील चौकडी, पट्टे, बुट्टे व रुंद काठ स्पष्ट होऊ लागतात. लुगड्याच्या काठपदराची जाण असलेल्या आपल्याकडच्या वडीलधाऱ्या स्त्रियांनी या छताखाली जितका वेळ मागितला, तितका तो त्यांना द्यावा. या चित्रांतील आणि शेजारच्या लतामंडपाच्या खांबांवरील वेलबुट्ट्या आजही साड्यांच्या काठांवर विणल्या जातात. जवळ लहानशी दुर्बीण असल्यास तिचा येथे फार उपयोग होतो.

मागील अंगणात सात फणांचे भव्य नागलिंग आहे, आणि त्यापलीकडे अपुरा राहिलेला कल्याणमंडप. खजिन्याच्या अफरातफरीचा आळ आल्यामुळे विरूपण्णाने स्वतःचे डोळे काढून भिंतीवर फेकले, अशी कथा तेथे सांगतात आणि भिंतीवरील दोन तांबूस डागही दाखवितात. कथेच्या सत्यासत्यतेचा निवाडा आपण करू नये; मात्र छताविना उभे असलेले ते खांब पाहताना, काम मध्येच थांबले त्या दिवसाचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

एक व्यावहारिक सूचना येथेच करतो. मंदिरात अनवाणी फिरावे लागते, आणि अंगणातील दगडी फरसबंदी अकरा वाजल्यानंतर चांगलीच तापते. जाड पायमोजे बरोबर असावेत, विशेषतः मधुमेही व्यक्तींनी ते विसरू नयेत. साडेअकरा, फार तर पावणेबाराच्या सुमारास लेपाक्षीचा निरोप घ्यावा. आणखी पुढे पेनुकोंड्याचा किल्ला आहे असे कोणी सुचविले, तरी तो इरादा पुढच्या खेपेसाठी ठेवावा.

दुपारचे जेवण महामार्गावर, वर्दळीच्या व स्वच्छ अशा एखाद्या भोजनालयात घ्यावे आणि ते हलके असावे; दही-भात अथवा इडली-सांबार हा विमानप्रवासापूर्वीचा उत्तम आहार होय. त्यानंतरच्या प्रखर उन्हाच्या वेळेसाठी नंदी गावातील भोगनंदीश्वर मंदिराइतके सुखद स्थळ या भागात दुसरे नाही. नंदी पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या या मंदिराचा इतिहास नवव्या शतकापर्यंत मागे जातो, आणि नोळंब, चोळ, होयसळ, विजयनगर अशा अनेक राजसत्तांचे हात त्याला लागले आहेत. अरुणाचलेश्वर आणि भोगनंदीश्वर ही जवळजवळ सारखी दोन शिवालये शेजारी-शेजारी उभी आहेत, आणि त्यांच्या मध्ये उमामहेश्वराच्या लहान देवालयापुढे काळ्या पाषाणाच्या खांबांचा एक विवाहमंडप आहे. त्या खांबांवर कोरलेले पोपट आणि पानाफुलांच्या जाळ्या बोटाने चाचपून पाहाव्यात असे वाटते, आणि तसे न करणे हेच उचित. अनेक देवळांत दुपारी गाभारा बंद ठेवण्याची रीत असते, तेव्हा दर्शनाची आस असणाऱ्यांनी वेळेची चौकशी आदल्या दिवशीच करून ठेवावी. देवळाच्या अंगाने गेल्यावर पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणारी चौकोनी पुष्करिणी लागते. तिच्या सभोवारच्या ओवरीत सावली असते, वारा असतो, आणि वयस्क माणसांना अर्धा-पाऊण तास स्वस्थ बसता येते. एका दिवसाच्या प्रवासात असा विसावा मुद्दाम राखून ठेवावा लागतो; तो आपसूक मिळत नाही.

वर पर्वतावर जाण्याविषयी मात्र मी परावृत्तच करीन. १,४७८ मीटर उंचीचा नंदीदुर्ग खचित सुंदर आहे. माथ्यावर योगनंदीश्वराचे मंदिर आहे, याच डोंगरांच्या परिसरात अर्कावती, पेन्नार व पालार या नद्यांचा उगम आहे, आणि १७९१ साली कॉर्नवालिसच्या फौजेने हा किल्ला घेतला तेव्हा टिपूविरुद्धच्या त्या युद्धात मराठे इंग्रजांचे दोस्त होते, या साऱ्या गोष्टी त्याच्या बाजूने सांगता येतील. परंतु घाटरस्ता एकच आहे. दरड अथवा डागडुजी यांमुळे तो केव्हा केव्हा बंद ठेवावा लागतो. आणि शनिवार-रविवारी सूर्योदय पाहण्यासाठी लोटणाऱ्या गर्दीत मोटार तासन्‌तास अडकून पडते. ज्यांना वर जायचेच असेल, त्यांनी आठवड्यातील कामाचा दिवस निवडावा, पहाटे जावे आणि लेपाक्षीचा बेत त्या दिवसापुरता सोडून द्यावा. वृद्ध आईवडील किंवा लहान मुले बरोबर असतील तर हाच लहान बेत अधिक श्रेयस्कर.

नंदी गावापासून थोड्याच अंतरावर मुद्देनहळ्ळी हे खेडे आहे, आणि मराठी प्रवाशाने ते टाळून पुढे जाऊ नये असे मला मनःपूर्वक वाटते. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्म येथला आणि समाधीही येथेच. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात ते शिकले, मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात त्यांनी नाशिक, खानदेश व पुणे येथे नोकरी केली, आणि खडकवासल्याच्या धरणावर १९०३ साली बसविलेले स्वयंचलित दरवाजे हे त्यांच्याच बुद्धीचे फळ होय. पुणेकरांच्या कित्येक पिढ्या ज्या पाण्यावर वाढल्या, त्या पाण्याच्या बंदोबस्तात ज्याचा हात होता, त्या पुरुषाचे साधे कौलारू घर स्मारक म्हणून जतन केलेले पाहताना वाटणारी कृतज्ञता शब्दांत सांगणे कठीण आहे. अर्धा तास पुरतो.

आता मोटारीविषयी. मोटार चालकासह घ्यावी की स्वतः चालवावी, हा प्रश्न निघतो; परतीच्या दिवशी चालकासह घेणेच शहाणपणाचे, कारण स्वतः चालविलेली भाड्याची मोटार विमानतळाजवळ परत करताना इंधनाची पातळी, गाडीवरचे ओरखडे आणि अनामत रकमेचा हिशेब यांची रुजुवात करण्यात जो अर्धा-पाऊण तास जातो, तो नेमका आपल्याजवळ नसतो. चालकासह मोटार ठरविताना तीन गोष्टी लेखी, निदान भ्रमणध्वनीवरील संदेशात तरी, घ्याव्यात. बाहेरगावच्या भाड्यात दिवसाला किमान काही किलोमीटर गृहीत धरलेले असतात, आणि मोजणी बहुधा मालकाच्या गॅरेजपासून गॅरेजपर्यंत होते. म्हणून एकूण अंतर किती धरले आहे ते विचारावे. दुसरी गोष्ट, लेपाक्षी आंध्र प्रदेशात आहे. मोटारीस अखिल भारतीय पर्यटन परवाना असेल तर प्रश्न मिटला, अन्यथा त्या दिवसापुरता परराज्याचा कर भरावा लागतो. तो कोणी व केव्हा भरावयाचा हे आधी ठरले नाही, तर सकाळचा बहुमोल अर्धा तास सरहद्दीच्या नाक्यावर खर्ची पडतो. तिसरी गोष्ट म्हणजे पथकर आणि चालकाचा भत्ता भाड्यात धरला आहे की वेगळा. शिवाय, भाड्याच्या मोटारींना बहुधा वेगनियंत्रक बसविलेला असतो. महामार्ग कितीही प्रशस्त दिसला तरी ताशी साठाच्या वर सरासरी धरून वेळेचा हिशेब करू नये. चालकास सकाळची न्याहारी व दुपारचे जेवण आपल्या बरोबरीनेच मिळेल, याकडे जातीने लक्ष द्यावे. दिवसभर आपला जीव त्याच्या हाती असतो.

सामान सारे मोटारीच्या डिकीत, बाहेरून दिसणार नाही असे ठेवावे. ओळखपत्र, औषधे, दागिने आणि पैसे यांची लहान पिशवी मात्र अंगावरच असू द्यावी. देवळात शिरतानाही ती मोटारीत ठेवू नये. बहुतेक कंपन्यांच्या सामान्य तिकिटावर मोठ्या सामानास १५ किलो व हातसामानास ७ किलो अशी मर्यादा असते, तेव्हा वजन आदल्या रात्रीच करून घ्यावे. भ्रमणध्वनी भारित करण्याची बॅटरी हातसामानातच हवी, आणि लेकीने दिलेली मिरचीच्या लोणच्याची बरणी मोठ्या सामानात. आसनाची नोंद व प्रवेशपत्र आदल्या दिवशीच आंतरजालावरून करून ठेवावे. विमानतळावर दोन टर्मिनले आहेत आणि त्यांच्यात अंतर आहे. आपले कोणते, हे तिकिटावर पाहून चालकास सकाळीच सांगावे.

वेळेची मांडणी उलट्या क्रमाने करावी. साडेआठचे उड्डाण असेल तर सामान स्वीकारणे साडेसातच्या सुमारास बंद होते. म्हणून सहा ते सव्वासहापर्यंत विमानतळावर पाऊल पडलेच पाहिजे, आणि त्याकरिता पाचच्या पुढे महामार्गावर दूरच्या बाजूस आपण असता कामा नये. चिक्कबळ्ळापुराजवळ आदियोगीची मूर्ती उभारल्यापासून सुट्टीच्या दिवशी सायंकाळी त्या बाजूस वाहनांची मोठी गर्दी होते. तो टापू त्यापूर्वीच ओलांडावा. हिवाळ्यात, विशेषतः डिसेंबर व जानेवारी महिन्यांत, देवनहळ्ळीच्या माळावर पहाटे दाट धुके उतरते; सकाळी ते दिसले तर अर्धा तास उशिरा निघावे आणि विमाने विलंबाने सुटत आहेत काय, याची चौकशी दुपारी करावी. विमान रात्री अकराचे असल्यास मिळालेला जादा वेळ अंतर वाढविण्यात घालवू नये; तो पुष्करिणीच्या ओवरीत घालवावा.

शेवटचा थांबा देवनहळ्ळीचा. विमानतळापासून अवघ्या काही किलोमीटरवर असलेल्या या किल्ल्यात पोहोचले, की दिवसाची सारी जोखीम संपली. टिपू सुलतानाचे हे जन्मगाव. जन्मस्थानावर खांबांचे एक लहानसे कुंपणवजा बांधकाम व शिलापट्ट आहे, आणि दगडी तटाच्या आत आजही नांदती वस्ती व वेणुगोपालस्वामींचे देऊळ आहे. तटावर चढून थोडे फिरावे. देवनहळ्ळीचा चकोता, म्हणजे आपल्याकडचे पपनस, हे या गावचे नाव घेऊन ओळखले जाणारे फळ आहे. हंगाम असेल व रस्त्याकाठी दिसले तर एक-दोन घ्यावीत, परंतु सामानाच्या वजनाचा विचार करूनच, कारण एकेका फळाचे वजन थोडे नसते. चहा येथेच घ्यावा, आणि चालकाचा हिशेबही, पथकराच्या पावत्या पाहून, येथेच चुकता करावा; टर्मिनलच्या दाराशी मोटार फार वेळ उभी करू देत नाहीत, आणि त्या घाईत डिकीतील एखादा डाग राहून जातो.